कलाकार हयात असताना लिहायचं: समकालीन कलाभ्यासक आणि क्युरेटर यांची कारकीर्द

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. कला-इतिहासात एम.ए. झालं आहे आणि समकालीन कलेत अभ्यासक व क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनाची कल्पना करून ते उभारणारा, म्हणून काम करायचं आहे, तर आता पीएचडी करावी की संग्रहालयात किंवा गॅलरीत नोकरी धरावी? या क्षेत्रात माणूस टिकतो तो कशाच्या बळावर? आणि पहिल्या प्रदर्शनाचा प्रस्ताव कसा लिहावा? मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचं उत्तर नीट लागलं की पहिला प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

समकालीन कलेच्या अभ्यासकाची स्थिती इतर कला-इतिहासकारांपेक्षा एका बाबतीत अगदी वेगळी आहे. तो ज्यांच्याबद्दल लिहितो ती माणसं हयात असतात. ती फोन उचलतात, वाद घालतात, रुसतात, दहा वर्षांपूर्वी सांगितलेली गोष्ट आज वेगळी सांगतात. आणि बहुतेक वेळा त्यांच्याबद्दल आधी फारसं कोणी लिहिलेलं नसतं. पाचशे वर्षांपूर्वीच्या चित्रावर लिहिणाऱ्यापुढे आधीच्या अभ्यासकांची फळी उभी असते. त्याची चूक कोणीतरी दुरुस्त करतं. तुमच्यापुढे कोणी नसतं. कॅटलॉगच्या निबंधात तुम्ही एखाद्या कलाकृतीचं साल १९९४ लिहिलं, की पुढचा लेखक तेच उचलतो, मग लिलावगृह उचलतं, मग संग्रहालयाच्या लेबलवर ते येतं. या क्षेत्रातली माणसाची पत यातूनच तयार होते: इतरांचं लक्ष जाण्याआधी तुम्ही कोणाच्या कामाकडे पाहिलंत, त्याची नोंद कशी ठेवलीत, आणि ती नोंद तीस वर्षांनी कोणी तपासली तर खरी ठरते का. उद्घाटनं, पॅनेल, बिएनालेची (दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कला-प्रदर्शनाची) आमंत्रणं हे सगळं त्याच्या मागून येतं.

नसरीन मोहमदी यांचं उदाहरण घ्या. त्या १९३७ मध्ये जन्मल्या, १९९० मध्ये गेल्या. त्यांची कागदावरची रेखाटनं, ते ताणलेल्या तारांसारखे रेषांचे समूह, आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पण त्यांनी आपल्या बहुतेक कामांना नाव दिलं नाही आणि साल लिहिलं नाही. काढलेली छायाचित्रं त्यांनी हयातीत कधी प्रदर्शनात मांडलीच नाहीत. म्हणजे २०१६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मेट ब्रॉयर हे संग्रहालय सुरू झालं तेव्हा पहिल्याच प्रदर्शनांत त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन होतं, त्याच्यामागे कोणीतरी बसून हे ठरवलेलं असणार की कुठलं रेखाटन आधीचं, कुठलं नंतरचं, डायरीतली कुठली ओळ कुठल्या काळातली. कागदाची जात, शाई, रेषेची जाडी, पत्रं, मित्रांच्या आठवणी, जुन्या छायाचित्रात मागच्या भिंतीवर दिसणारं एखादं चित्र, अशा बारीक गोष्टींवरून हा क्रम लावावा लागतो. त्यांच्यावर आधी रूबिना करोडे यांनी दिल्लीच्या किरण नाडर संग्रहालयात २०१३ मध्ये मोठं प्रदर्शन केलं, मग ते काम माद्रिदच्या रैना सोफियात गेलं, मग न्यूयॉर्कला. कलाकार गेल्यानंतर तेवीस वर्षांनी हा प्रवास सुरू झाला. मधल्या काळात त्यांच्यावर ज्यांनी लिहिलं, त्यांची पत्रं जपली, त्या लोकांशिवाय तो झालाच नसता.

तेव्हा तुमच्या हाताशी आत्ता जे कलाकार आहेत त्यांच्यापैकी दोघातिघांच्या कामाशी दीर्घकाळ नातं जोडा. वीस नावांची यादी करू नका. स्टुडिओत वारंवार जा. अपुरं काम पाहा, फसलेलं काम पाहा. प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी टिपण लिहा: काय पाहिलं, माप काय, साहित्य कुठलं, कलाकार त्याबद्दल काय म्हणाला आणि तुम्हाला काय वाटलं. शेवटच्या दोन गोष्टी कधीही एकाच वाक्यात मिसळू नका. वर्षभराने टिपण वाचताना कलाकाराचं मत कुठलं आणि तुमचं कुठलं हे कळेनासं झालं, तर ते टिपण कामाचं राहत नाही.

मुलाखत ध्वनिमुद्रित करायची असेल तर आधी लेखी संमती घ्या. तारीख, जागा आणि कोण कोण हजर होतं हे मुद्रणाच्या सुरुवातीलाच बोलून ठेवा. लिखित प्रत कलाकाराला दाखवा, पण मूळ मुद्रण हात न लावता वेगळं ठेवा. लोक आपली वाक्यं नंतर गुळगुळीत करतात, तो त्यांचा हक्क आहे. छापील मजकुरात त्यांना मान्य असलेलंच जावं. अभ्यासासाठी मात्र पहिलं, अडखळतं वाक्य बरेचदा जास्त मोलाचं असतं. प्रश्न विचारताना 'तुम्हाला काय म्हणायचं आहे' असं विचारू नका. तुम्हाला तयार केलेलं उत्तर मिळेल. 'हा तुकडा आधी डावीकडे होता का', 'हे पत्रे कुठून आणले', 'हे काम करताना कोण मदतीला होतं' असं विचारा. वस्तूबद्दल विचारलं की माणूस विचारापर्यंत स्वतःच्या पायांनी येतो.

आता प्रदर्शनाकडे येऊ. क्युरेटरचं काम म्हणजे कलाकृती निवडणं, असा सर्वसाधारण समज आहे. निवड त्यात आहेच, पण ती अभ्यासातून येते आणि तिची परीक्षा खोलीत होते. निबंधात तुम्ही लिहू शकता की या दोन कलाकारांच्या कामात मौनाला सारखंच महत्त्व आहे. खोलीत ती दोन कामं शेजारी ठेवली की एक मोठ्याने बोलतंय आणि दुसरं ऐकूच येत नाही हे तत्काळ दिसतं. माणूस दारातून येतो, त्याची नजर आधी कुठे जाते, किती अंतरावर थांबतो, मागच्या खोलीतल्या व्हिडिओचा आवाज इथपर्यंत येतो का, चित्राचा मध्य जमिनीपासून दीडएक मीटरवर ठेवायचा की या कामासाठी तो नियम मोडायचा, हे प्रश्न सजावटीचे नाहीत. तुमचं प्रतिपादन तिथे टिकतं किंवा कोसळतं. लेखन आणि प्रदर्शन यांना मी एकाच कामाच्या दोन बाजू मानतो, त्यामुळे 'अभ्यासक व्हावं की क्युरेटर' हा वाद मला कधी पटला नाही.

प्रदर्शन तीन महिन्यांत उतरतं आणि मागे फक्त नोंद उरते, ही गोष्ट नवीन लोक फार उशिरा मनावर घेतात. १९६९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या कुन्स्टहाले या कलादालनात तिथले संचालक हाराल्ड झेमान यांनी 'व्हेन अ‍ॅटिट्यूड्स बिकम फॉर्म' हे प्रदर्शन केलं. कलाकारांनी तिथेच येऊन कामं घडवली. मायकल हायझर यांनी इमारतीबाहेरचा फरसबंद रस्ता लोखंडी गोळ्याने फोडला. गावात गदारोळ झाला, झेमान त्याच वर्षी पद सोडून बाहेर पडले आणि स्वतंत्र क्युरेटर ही ओळख जगात रुजायला त्यांच्यापासून मोठी मदत झाली. हे सगळे सांगतात. मला त्यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. २०१३ मध्ये इटालियन क्युरेटर जेर्मानो चेलांत यांनी हेच प्रदर्शन व्हेनिसमधल्या एका जुन्या प्रासादात खोलीला खोली जुळवून पुन्हा उभं केलं, आणि जी कामं मिळाली नाहीत त्यांची जागा तुटक रेषांनी आखून दाखवली. चव्वेचाळीस वर्षांनी हे शक्य झालं ते छायाचित्रांमुळे, पत्रव्यवहारामुळे, झेमान यांनी हयातभर साठवलेल्या कागदांमुळे. तो संग्रह २०११ मध्ये गेटी रिसर्च इन्स्टिट्यूटने घेतला.

क्युरेटर कोयो कुओ यांच्याबाबतीतही हेच दिसलं, आणि ते मनाला लागणारं आहे. बँकिंगचं शिक्षण घेतलेल्या कुओ यांनी सेनेगलमधल्या डाकारमध्ये 'रॉ मटेरियल कंपनी' हे कला-केंद्र उभारलं, २०१९ पासून केपटाउनच्या झाइट्झ संग्रहालयाचं नेतृत्व केलं, आणि २०२६ च्या व्हेनिस बिएनालेसाठी त्यांची निवड झाली. मे २०२५ मध्ये त्या अचानक गेल्या. बिएनालेने त्यांच्या आराखड्याप्रमाणेच प्रदर्शन पुढे न्यायचं ठरवलं, कारण विचार, कलाकार, मांडणी हे सगळं त्यांनी लिहून, सहकाऱ्यांशी बोलून स्पष्ट करून ठेवलं होतं. आपलं काम आपल्या डोक्यात ठेवायचं नसतं. प्रत्येक भिंतीचं छायाचित्र, प्रत्येक कलाकृतीचं नेमकं माप, कोणाकडून आली, कशी टांगली, कुठला दिवा कुठे होता, हे उद्घाटनाच्या धावपळीत राहून जातं. म्हणून ते काम एका माणसाच्या नावावर आधीच लावून द्या आणि त्याला दुसरं काही सांगू नका.

समकालीन कामाच्या बाबतीत नोंद म्हणजे नुसतं छायाचित्र नव्हे. फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस यांचं १९९१ चं एक काम आहे: चकचकीत कागदातल्या खायच्या गोड गोळ्यांचा ढीग, आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो. प्रेक्षकांनी त्यातल्या गोळ्या घ्यायच्या. ढीग कमी होत जातो, तो पुन्हा भरता येतो. हे काम त्यांचा जोडीदार रॉस याचं व्यक्तिचित्र आहे. तो एड्सने गेला. इथे 'मूळ वस्तू' असं काहीच नाही. ढीग किती असावा, कधी भरावा, कुठे रचावा हे कलाकाराच्या लेखी सूचनांत आणि त्या सूचना वाचणाऱ्या क्युरेटरच्या विवेकात असतं. २०२२ मध्ये शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये या कामाच्या लेबलवरून रॉस आणि एड्स यांचा उल्लेख गेल्याचं लोकांच्या लक्षात आलं, जाहीर टीका झाली आणि संग्रहालयाने मजकूर बदलला. एवढंसं लेबल. त्यातून एक नाव गळलं तर गोळ्यांचा ढीग नुसता ढीग होतो. लेबल लिहिणं हे कनिष्ठ माणसाकडे ढकलायचं काम समजतात त्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

यंत्रांवर चालणाऱ्या कामांचं आणखी अवघड. व्हिडिओ कलाकार नाम जून पाइक यांचा १९८८ चा मनोरा, दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय आधुनिक व समकालीन कला संग्रहालयातला, १,००३ टीव्ही संचांचा आहे. जुने काचेचे संच जळू लागले, आग लागण्याचा धोका वाढला, २०१८ मध्ये तो बंद करावा लागला. मग वाद: सगळे पडदे बदलून सपाट एलसीडी लावायचे, की काम बंद अवस्थेतच ठेवायचं, की जुने संच शोधून आणायचे? शेवटी शक्य तितके जुने संच दुरुस्त केले, वरच्या भागातले २६६ बदलले, आणि २०२२ मध्ये मनोरा पुन्हा उजळला. असा निर्णय घेताना तंत्रज्ञ, संवर्धक आणि कलाभ्यासक एका टेबलाशी बसतात, आणि अभ्यासकाला एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: या कामात कलाकाराला काय महत्त्वाचं होतं, चित्र की पडद्याचा फुगीर काचेचा पिंड? ते कलाकार असताना कोणी विचारून ठेवलं असेल तर उत्तर मिळतं. म्हणून तुम्ही ज्यांच्यावर काम करता त्यांना आजच विचारा: हे प्रोजेक्टर मिळेनासे झाले तर काय करू? हे रबर वीस वर्षांनी ठिसूळ होईल, तेव्हा ते तसंच दाखवू की नव्याने घडवू की दाखवूच नको? इव्हा हेस १९७० मध्ये चौतिसाव्या वर्षी गेल्या. त्यांची लेटेक्सची (द्रव रबराची) शिल्पं काळी पडली, कडक झाली, आणि हे प्रश्न आजही प्रत्येक संग्रहालय नव्याने सोडवत बसलं आहे.

कलाकाराशी जवळीक हवी, तिच्याशिवाय हे ज्ञान मिळत नाही. पण ती जवळीक तुमच्या निर्णयाच्या आड येऊ लागते, आणि माझ्या मते या कारकिर्दीतला सगळ्यात कठीण भाग हाच आहे. मित्राचं नवं काम कमकुवत आहे हे त्याला तोंडावर सांगता आलं पाहिजे, आणि त्यानंतरही मैत्री टिकवता आली पाहिजे. मी एक पथ्य पाळतो: ज्याच्यावर लिहितो त्याचं काम भेट म्हणून घेत नाही, विकत घेत नाही. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेची आचारसंहिताही संग्रहालयातल्या लोकांना कलेच्या खरेदी-विक्रीच्या व्यवहारापासून दूर राहायला सांगते. तुमच्या घराच्या भिंतीवर लटकणाऱ्या चित्राची किंमत तुमच्याच निबंधाने वाढणार असेल, तर तुमचं एकही वाक्य कोणी विश्वासाने वाचणार नाही. विक्री करणाऱ्या गॅलरीसाठी निबंध लिहायला हरकत नाही, पुष्कळ जण त्यावर चालतात. तो निबंध कोणी पैसे देऊन लिहून घेतला हे लपवू नका, आणि तुम्हाला न पटणारं विशेषण त्यात घालू देऊ नका.

उलट बाजूने, क्युरेटर कलाकारावर कुरघोडी करू शकतो. जर्मनीतल्या कासल शहरात ठरावीक वर्षांनी भरणाऱ्या डॉक्युमेंटा या मोठ्या प्रदर्शनाच्या पाचव्या खेपेत, १९७२ मध्ये, झेमान यांच्या मांडणीवर कलाकार दानिएल ब्युरेन यांनी कॅटलॉगमध्येच आक्षेप घेतला होता: आता प्रदर्शनात कलाकृती मांडल्या जात नाहीत, प्रदर्शन स्वतःलाच कलाकृती म्हणून मांडतं, असा त्याचा रोख होता. कलाकार रॉबर्ट स्मिथसन यांनीही तिथे विरोधाचं टिपण छापलं. अर्धशतक उलटलं तरी तो आक्षेप शिळा झालेला नाही. तुमच्या संकल्पनेचं नाव मोठ्या अक्षरात आणि त्याखाली उदाहरण म्हणून चाळीस कलाकार, असं प्रदर्शन करायचा मोह प्रत्येकाला होतो. एखादं काम तुमच्या संकल्पनेत बसत नाही म्हणून कापून-छाटून बसवावं लागत असेल तर संकल्पना बदला.

संस्थेशीही कधीतरी गाठ पडते. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात हान्स हाके यांचं प्रदर्शन ठरलं होतं. त्यातल्या एका कामात मॅनहॅटनमधल्या १४२ मालमत्तांची छायाचित्रं आणि त्यांच्या मालकीची सार्वजनिक कागदपत्रांतून काढलेली माहिती होती. संचालक थॉमस मेसर यांनी उद्घाटनाच्या काही आठवडे आधी प्रदर्शन रद्द केलं. क्युरेटर एडवर्ड फ्राय यांनी कलाकाराची बाजू जाहीरपणे घेतली आणि त्यांना नोकरी गमवावी लागली. अशी वेळ सगळ्यांवर येत नाही. पण कुठल्या टप्प्यावर आपण थांबणार, याचा विचार आणीबाणीच्या दिवशी करायला गेलं तर होत नाही. तो आधीच, शांतपणे, कलाकाराबरोबर बसून करावा. करारात कलाकाराच्या संमतीशिवाय काम काढता किंवा बदलता येणार नाही असं कलम लिहून घ्यावं.

आता पीएचडी की नोकरी. या क्षेत्राकडे येण्याचा एकच रस्ता कधीच नव्हता. नायजेरियात जन्मलेले क्युरेटर ओक्वी एन्वेझोर राज्यशास्त्र शिकले होते आणि कविता करत. त्यांनी १९९४ मध्ये 'एन्का' हे आफ्रिकी समकालीन कलेचं नियतकालिक सुरू केलं, १९९६ मध्ये गुगेनहाइममध्ये आफ्रिकी छायाचित्रकारांचं प्रदर्शन करण्यात त्यांचा वाटा होता, १९९७ मध्ये जोहान्सबर्ग बिएनाले, २००२ मध्ये अकरावा डॉक्युमेंटा. कासलमधलं प्रदर्शन उघडण्याआधी त्यांनी व्हिएन्ना, बर्लिन, नवी दिल्ली, सेंट लुशिया आणि लागोस इथे चर्चासत्रांची मालिका घेतली आणि ती चर्चा प्रदर्शनाचाच भाग मानली. हा क्रम नीट पाहा: आधी नियतकालिक, म्हणजे सातत्याने लिहिणं, इतरांकडून लिहून घेणं, एका भूभागाच्या कलेबद्दलची शब्दसंपत्ती तयार करणं, मग प्रदर्शनं. कला-समीक्षक गीता कपूर यांच्या बाबतीतही दशकानुदशकांचं लेखन आधी उभं आहे, आणि २००१ मध्ये टेट मॉडर्नच्या 'सेंच्युरी सिटी' या प्रदर्शनातला मुंबईचा विभाग त्यांनी आशिष राजाध्यक्ष यांच्यासह केला तो त्या लेखनाच्या पायावर. लुसी लिपर्ड समीक्षक होत्या. १९६९ पासून त्यांनी शहरांच्या लोकसंख्येचे आकडेच नाव म्हणून देऊन प्रदर्शनं केली आणि त्यांचे कॅटलॉग म्हणजे सुट्या कार्डांचे गठ्ठे होते. १९७३ चं त्यांचं प्रदर्शन तर फक्त संकल्पनात्मक काम करणाऱ्या स्त्रियांचं होतं, आणि 'अशा स्त्री कलाकार आहेतच कुठे' म्हणणाऱ्यांना ते थेट उत्तर होतं.

तेव्हा पीएचडी करा, जर तुमच्याकडे असा प्रश्न असेल ज्याला चार-पाच वर्षांचं अभिलेखागारातलं काम लागेल. मोठ्या संग्रहालयांतल्या वरच्या जागांसाठी आणि विद्यापीठात शिकवण्यासाठी ती पुष्कळ ठिकाणी लागते, हेही खरं. प्रश्न नसताना केवळ पदवी हवी म्हणून केली तर ती वर्षं कोरडी जातात. क्युरेटिंगचे स्वतंत्र अभ्यासक्रम गेल्या साडेतीन दशकांत वाढले आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या बार्ड कॉलेजचं केंद्र १९९० चं, लंडनच्या रॉयल कॉलेजचा अभ्यासक्रम १९९२ चा, अ‍ॅम्स्टरडॅमच्या दे आपेलचा १९९४ चा. त्यांतून ओळखी होतात, समवयस्क मिळतात, आणि ते समवयस्कच पुढे तीस वर्षं तुमचे सहकारी असतात. शुल्क भरण्यासाठी मोठं कर्ज काढावं लागणार असेल तर मात्र मी ते सुचवणार नाही. शिष्यवृत्ती असेल तरच जा.

नोकरी धरणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे: पहिली दोन-तीन वर्षं अशा जागी काढा जिथे कलाकृतींना हात लागतो. रजिस्ट्रारचा (कलाकृतींच्या ये-जा आणि नोंदी सांभाळणारा) विभाग, संग्रह विभाग, अभिलेखागार. प्रसिद्धी विभाग चमकदार वाटतो, पण शिकायला मिळतं ते कोठारात. कंडिशन रिपोर्ट, म्हणजे कलाकृतीच्या अवस्थेची नोंद, लिहायला शिका: कोपरा दुमडलेला, डाव्या कडेला दोन सेंटिमीटरचा चरा, मागे जुन्या प्रदर्शनाची चिठ्ठी. हे लिहिताना पाहण्याची जी सवय लागते ती कुठलाही सिद्धान्त वाचून लागत नाही. आणि ती मागची चिठ्ठी नेहमी वाचा. एखाद्या चित्राने कुठला प्रवास केला, कोणाच्या मालकीतून कोणाकडे गेलं, याचा धागा बरेचदा तिथेच सापडतो. कागदावरच्या कामाला ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर प्रकाश नको, आणि तीनेक महिन्यांनी त्याला अंधारात विश्रांती द्यावी. आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत, आणि मुख्य म्हणजे अचानक न बदलणारी. कलाकृती भिंतीवरून उतरल्यापासून परत भिंतीवर जाईपर्यंतचा विमा. हे ज्याला तोंडपाठ असतं त्याच्या हातात संग्राहक आपलं चित्र निर्धास्तपणे देतो. तुमचं उसनं मागण्याचं पत्र कितीही सुंदर असो, समोरच्याला आधी हे जाणून घ्यायचं असतं की त्याची वस्तू सुखरूप परत येईल का.

पैशाबद्दल थोडक्यात पण लपवाछपवी न करता. स्वतंत्र क्युरेटरचं उत्पन्न अनियमित असतं आणि संशोधनाचा वेळ कोणी मोजत नाही. मोठं प्रदर्शन दोन-तीन वर्षं चालतं आणि मानधन मात्र एका प्रकल्पाचं मिळतं. त्यामुळे बहुतेक जण शिकवतात, संपादन करतात, भाषांतर करतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. मानधनाचा आकडा, हप्ते आणि प्रदर्शन रद्द झालं तर काय, हे लेखी घेतल्याशिवाय काम सुरू करू नका. अंदाजपत्रकात कलाकाराच्या मानधनाची ओळ सगळ्यात वर ठेवा. छपाई, वाहतूक, भोजन सगळ्याला पैसे आहेत आणि कलाकाराला 'प्रसिद्धी मिळेल' असं सांगितलं जातंय, हे मी फार वेळा पाहिलं आहे. न्यूयॉर्कमध्ये २००८ मध्ये 'वेज' या नावाने कलाकारांचा गट याच कारणासाठी उभा राहिला आणि त्यांनी मानधनाचे किमान दर ठरवून संस्थांपुढे ठेवले. क्युरेटरने या बाबतीत कलाकाराच्या बाजूनेच उभं राहायला हवं.

आता तुमचा तिसरा प्रश्न, पहिला प्रस्ताव. तो दोन पानांपेक्षा मोठा नको. पहिल्या परिच्छेदात प्रदर्शन कशाबद्दल आहे हे अशा वाक्यांत सांगा की कलेशी संबंध नसलेला शहाणा माणूस ते वाचून प्रश्न विचारू शकेल. सिद्धान्तकारांची नावं पहिल्या पानावर नकोत. दुसऱ्या परिच्छेदापासून थेट कलाकृतींवर या: कुठलं काम, कोणाचं, कुठल्या सालचं, माप काय, सध्या कुठे आहे, तुम्ही ते प्रत्यक्ष पाहिलंय का. पडद्यावर पाहिलेलं काम प्रस्तावात घालू नका; माप कळत नाही, पृष्ठभाग कळत नाही, आणि अनुभवी वाचक ते दोन ओळींत ओळखतो. कलाकार सहा-सात पुरेत. एकाच कलाकाराचं प्रदर्शन असेल तर मी ते आणखी उत्साहाने वाचेन, कारण त्यात लपायला जागा नसते. प्रत्येक निवडीसाठी एक वाक्य असं हवं जे दुसऱ्या कुठल्याही कामाला लागू पडणार नाही.

मग जागेचा आराखडा. हाताने काढलेला चालेल, पण दारं, खांब, खिडक्या आणि विजेची ठिकाणं खरी असली पाहिजेत. त्यासाठी त्या जागेत जाऊन टेपने मापं घ्या, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, म्हणजे उजेड कुठून येतो ते कळेल. अंदाजपत्रक जोडा, त्यात दहा टक्के अनपेक्षित खर्चासाठी बाजूला ठेवा. आणि प्रदर्शन उतरल्यावर काय उरेल ते लिहा: छोटी पुस्तिका, मुलाखतींचं ध्वनिमुद्रण, छायाचित्रांचा संच, आणि हे सगळं कुठल्या ग्रंथालयात किंवा अभिलेखागारात जमा करणार. हाँगकाँगच्या 'एशिया आर्ट आर्काइव्ह'सारख्या संस्था २००० सालापासून अशी कागदपत्रं गोळा करून संशोधकांना खुली करत आल्या आहेत. गीता कपूर आणि चित्रकार विवान सुंदरम यांचा खासगी संग्रह त्यांनीच डिजिटल रूपात आणला. बहुतेक प्रस्तावांत हा शेवटचा परिच्छेद नसतोच. मी निवड समितीवर असलो की आधी तोच शोधतो.

प्रस्ताव नाकारला गेला तर कारण विचारणारं एक सभ्य पत्र पाठवा. बरेच जण उत्तर देतात. दरम्यान त्याच कलाकृतींवरचा निबंध लिहून छापायला द्या, कारण त्यासाठी भिंती लागत नाहीत, आणि पुढच्या वेळी प्रस्तावाबरोबर तो छापील निबंध जोडता येईल.